हे तर सहज दिसते

सकाळी उठल्या उठल्या लोक देवाला हात जोडतात, निदान चूळ तरी भरतात. मी मोबाइल उघडून एका माणसाची सायटेशन पाहतो. बारा वर्षं झाली. सेलूच्या या घरात मधले आठ-दहा दिवस सोडून एक सकाळ त्याशिवाय उजाडली असेल तर शप्पथ.

"माह्या सवतीचे किती झाले आज?" बायको चहाचं आधण ठेवता ठेवता विचारते. ती त्याला सवतच म्हणते. "बाई असती तं समजून घेतलं असतं मी. एका बाप्यापायी माणूस असा झुरून राह्यला, लोकाइले सांगू तरी कसं?"

सायटेशन म्हणजे काय ते सांगून टाकतो. गणितातला माणूस आपलं संशोधन लिहून छापतो, त्याला आम्ही पेपर म्हणतो. दुसऱ्या कुणी आपला पेपर लिहिताना तुमच्या पेपरचा आधार घेतला आणि शेवटच्या यादीत तुमचं नाव टाकलं, की तुमचं एक सायटेशन झालं. जगाला तुमची किती गरज आहे, ते असं मोजतात. त्याची चार आकडी आहेत. माझं एक आहे, आणि तेही मीच दिलेलं. माझ्या दुसऱ्या पेपरात मी माझ्या पहिल्या पेपरचा उल्लेख केला आहे. तिसरा पेपर मी लिहिला नाही, नाहीतर आणखी दोन झाली असती.

मी जळतो. उगाच आडपडदा कशाला ठेवू? त्याला कुठे व्याख्यानाला बोलावलं की माझ्या पोटात दुखतं. त्याच्या प्रमेयाला त्याचं नाव पडलं त्या दिवशी मी बीएस्सीच्या पोरांवर इतका खेकसलो की एक मुलगी रडली. आता बोला.

आम्ही दोघं रोहण्याचे. त्याच्या घरचा भाजीपाला: वांगी, पालक, सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. त्याचे बाबा माल घेऊन आर्वीच्या बाजारात जायचे आणि माझ्या बाबांची गावात पिठाची चक्की होती. मोटरवरून जात्यापर्यंत लांबलचक चपटा पट्टा फिरायचा. पट्टा झिजला की बाबा नवा शिवायचे, आणि शिवताना त्याला अर्धा पीळ द्यायचे. "पीळ देला का दोन्ही अंगानं घासते, दुप्पट टिकते," म्हणायचे. आम्ही दोघांनी एकदा चक्की बंद असताना त्या पट्ट्यावर खडूनं रेघ ओढत नेली. रेघ कुठेही न उचलता पट्ट्याच्या दोन्ही अंगांवरून फिरून परत सुरुवातीला येऊन मिळाली. तो अर्धा तास तिथंच बसून राहिला, तोंड उघडं टाकून. मी म्हणालो, "चाल ना बे, त्यात काय पाह्यतं." बाबांनी दोघांनाही पट्टा खराब केला म्हणून हाकललं.

शाळेत पहिला मी, दुसरा तो. आर्वीच्या कॉलेजात पहिला मी, दुसरा तो. नागपूरला एमएस्सीलाही तेच. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगतो, माझ्याकडे दुसरं आहे काय? सुट्टीत त्याच्यावर त्यांच्या भाजीच्या वाडीतली माकडं हाकलायची पाळी असायची. वांग्याच्या वाफ्यांपाशी बोराच्या झाडाखाली आम्ही दिवसभर बसायचो आणि काडीनं मातीत आकृत्या काढायचो. टोपोलॉजीचं वेड दोघांनाही तिथंच लागलं. वस्तू ताणली, दाबली, वाकवली तरी तिच्यात जे बदलत नाही त्याचा हा अभ्यास. फाडायचं नाही आणि चिकटवायचं नाही, बाकी काय पाहिजे ते करा. मला एखादी गोष्ट झटकन दिसायची. मी काडी फेकून म्हणायचो, "हे तं सहज दिसते ना बे!" त्याला तीच गोष्ट कळायला दोन दिवस लागायचे. दोन दिवसांनी तो यायचा आणि म्हणायचा, "हो, बरोबर हाय तुह्यं." मला तो मंदच वाटायचा. चांगला पोरगा, पण मंद.

मग मंद पोरगा पीएचडीला दक्षिणेत गेला, तिथून परदेशात गेला. मला सेलूला कॉलेजात नोकरी लागली. मला कुणी अडवलं होतं का? कुणी नाही. डोक्यावर पंखा होता, बसायला खुर्ची होती, 'सर' म्हणणारी पोरं होती. वाटलं, गणित काय, करू सावकाश. सावकाश करायचं ते तो करत होता, हे मला फार उशिरा समजलं.

त्याचा जो सगळ्यात गाजलेला पेपर, त्याच्या पहिल्याच पानाच्या तळाशी त्यानं माझे आभार मानलेले आहेत. माझं नाव आणि पुढे 'शेतातल्या चर्चांबद्दल'. स्टाफरूममध्ये लोक हसले. "सर, शेतात काय चर्चा करत होते जी?" मी पण हसलो आणि घरी येऊन भाकरी न खाता झोपलो. कारण आभार मोजत नाहीत. आभाराचं सायटेशन होत नाही. मला वाटलं, यानं मला जत्रेत भिकाऱ्याला टाकावं तसं काहीतरी टाकलं. यादीत नाव टाकायला काय झालं होतं?

आणि आता एक लाजिरवाणी गोष्ट. तो पेपर मी वाचलेलाच नव्हता. बारा वर्षं त्याला कुणी कुणी सायटेशन दिली ते तोंडपाठ होतं. जपानातून कुणी दिलं, ब्राझीलमधून कुणी दिलं. पण आत काय लिहिलंय ते पहिल्या दोन पानांच्या पुढे पाहिलं नव्हतं. वाचवतच नव्हतं. मालमसाला शेजाऱ्याच्या घरचा आणि ठसका मला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वाचायला घेतला. शिकायसाठी नाही. चूक काढायसाठी. बायकोला सांगितलं, गिरडला जाऊ म्हटलं होतं ते आता राहू दे. ती म्हणाली, "जा, बसा सवतीपाशी." तीन आठवडे रोज दुपारी मी त्या कागदांवर पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या धंद्यात एक रीत आहे. पायरी सोपी असली की माणूस सिद्धता लिहीत नाही, 'हे सहज दिसते' असं लिहून पुढे जातो. आणि मुरलेल्या माणसाला माहीत असतं की घाण लपली असेल तर त्याच वाक्याखाली लपलेली असते. त्याच्या त्या पेपरात 'सहज दिसते' एकदाच आलं होतं. बाकी सगळं त्याच्या पद्धतीचं, मंद, एकेक विटेवर वीट. त्या एका जागी मी खोदायला सुरुवात केली.

आणि सापडली. खरंच सापडली! वरचा भरजरी पोशाख काढला तर ती पायरी एवढंच म्हणत होती: पृष्ठभागावर एक बंद वाट काढली, की तिला एक डावी बाजू असते आणि एक उजवी. चालत जा, परत सुरुवातीला या, डावं ते डावंच राहील. नेहमीच्या पृष्ठभागावर हे खरं आहे. पण पृष्ठभागाला पीळ असेल तर? बाबांचा पट्टा आठवला. त्याच्या मधोमध चालत गेलं तर एका फेरीत डावं ते उजवं होऊन जातं. झालं! पायरी कोसळली. चक्कीच्या पट्ट्यानं मी त्याला आडवा केला. मी उभा राहून टाळी वाजवली. बायको धावत आली, "काय झालं? पाल पडली काय?"

त्याला ईमेल लिहिला तो चार वेळा लिहिला. पहिल्यात फार आनंद दिसत होता. चौथ्यात मी अगदी सभ्य होतो, 'कदाचित माझंच काही चुकत असेल' वगैरे. असं लिहायची पद्धत असते. चुकत नव्हतं हे मला माहीत होतं. पाठवल्यावर मी मनातल्या मनात त्याची ती चार आकडी सायटेशन एकेक करून गळताना पाहिली. इतकं गोड मला बऱ्याच दिवसांत काही लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं उत्तर आलं. तो मला आजही गावच्या बोलीतच लिहितो. जसंच्या तसं देतो:

"बरोबर हाय तुह्यं. पीळ असला का ते चालत नाई. मुख्य प्रमेय वाचते, दुसऱ्या रस्त्यानं नेता येते, आठ दिवसांत लिहितो. एक विचारू काय? रागावजो नको. हे आठवते का तुले, बोरीखाली? तू काडीनं मातीत काढून दाखोलं होतं. मी विचारलं होतं का तुह्या बाबाच्या पट्ट्यावानी पीळ असन तं? तू म्हणला, हे तं सहज दिसते ना बे. मंग मी कधी तपासलंच नाई. बाकी सगळं मी दहा दहा दा तपासलं. ते नाई तपासलं, कारण ते तुह्यं होतं. म्हणून तं आभार मानले होते."

मी खुर्चीतच बसून राहिलो. आठवलं. सगळं आठवलं, काडी कोणत्या झाडाची होती तेही आठवलं. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. तीन आठवडे खणून मी माझंच मढं उकरून काढलं होतं. त्या पेपरात एकच पायरी माझी होती आणि एकच चूक होती.

खाली आणखी दोन ओळी होत्या. "दुरुस्ती छापाव लागन. त्यात लिहितो का चूक माही, शोधली तू. पेपरावर ज्याचं नाव त्याची चूक, इथं असंच असते. लिहू ना?"

इथं मी थांबून खरं सांगायला पाहिजे होतं. 'असं नको, चूक कुणाची होती ते लिही' एवढं लिहायला किती वेळ लागला असता? मी लिहिलं, "लिही." एकच शब्द. आणि वर त्याचाच राग आला मला. याला मोठेपणाही माझ्यापेक्षा जास्त पाहिजे! गणितात पुढं गेला, नावात गेला, आता सज्जनपणातही मला मागं टाकतो का लेकाचा?

दुरुस्ती छापून आली. चूक त्याची आणि ती दाखवून दिल्याबद्दल माझे मनःपूर्वक आभार. आमच्या प्राचार्यांनी ती छापून नोटीस बोर्डावर लावली, माझ्या नावाखाली लाल रेघ मारून. स्टाफरूममध्ये पेढे आले. जे हसले होते तेच म्हणाले, "सर, एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढली म्हणजे तुम्ही त्याच्याही वर!" मी म्हणालो, "अहो, तसं काही नाही." खोटं अगदी नम्रपणे बोलता येतं. मग कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला आणि तो फिरत फिरत रोहण्याच्या गावग्रुपवर गेला. 'आपल्या चक्कीवाल्याच्या पोरानं जगप्रसिद्ध गणितज्ञाला चूक दाखवली,' खाली पन्नास हात जोडलेले. जगप्रसिद्ध गणितज्ञ कोण, हे गावात सगळ्यांना माहीत होतंच. त्यानंतर आठ-दहा दिवस माझी सकाळ फार छान गेली. मी सायटेशन पाहिली नाहीत. बायको म्हणाली, "सवत मेली काय?"

माघात एका लग्नाला रोहण्याला गेलो. रोहण्याला गेलो आणि त्याच्या घरी गेलो नाही असं होत नाही. त्याचे बाबा आता नाहीत, आई आहे. काकू. वाडी अजून त्याच कसतात, एक पुतण्या हाताशी असतो. मी गेलो तेव्हा काकू ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मला पाहून "ये, बस" म्हणाल्या आणि हात चालूच ठेवले. चहा विचारला नाही. त्या घरात इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी पायरीवर बसलो.

थोड्या वेळानं खाली पाहतच त्यांनी विचारलं, "बापू, माहा पोरगा चुकला म्हणते काय रे?"

"कोण म्हणते काकू?"

"कोण म्हणते म्हंजे? अख्खं गाव म्हणते. परवा बाजारात एक जण म्हणे, काकू, तुमच्या साहेबाचं सगळं चुकीचं निंघालं म्हणते." त्यांनी जुडी घट्ट आवळून सुतळी दातानं तोडली. "मी फोनवर विचारलं त्याले. तं म्हणते, हो माय, चुकलो मी, बरं झालं त्यानं सांगितलं. हसून राह्यला होता. हसते का असं कोणी? मले सांग, त्याले काढतीन काय तिथून?"

"नाही हो काकू. कशाचं काढतात!"

"मंग ठीक हाय." पण ठीक नव्हतं. सांबाराच्या दोन काड्या उचलायच्या, त्या परत ठेवायच्या, असं चाललं होतं. "लहानपणी तो रातदिन एकच म्हणे. बापूले लवकर समजते, मले समजत नाई. मी म्हणो, हळू हळू कर, पण पक्कं कर. त्यानं तसंच केलं बापा. हळू केलं, पक्कं केलं. आता गावात लोक म्हणते का कच्चं होतं."

मी त्या माणसावर बारा वर्षं जळलो, पण त्याचं काही बिघडावं इतकी माझी ताकदच नव्हती. तो तिकडे हसत होता. बिघडलं होतं ते इथं, या ओसरीवर. एक म्हातारी बाजारात मान खाली घालून आली होती आणि ते मी केलं होतं. फक्त एका शब्दानं.

"काकू," मी म्हणालो, "चूक माही होती."

त्यांनी वर पाहिलं.

"त्याची नाई. माही. आपल्या वाडीत मीच त्याले ते चुकीचं सांगितलं. त्यानं विचारलंही होतं, असं असन तं काय. मी हसून उडवलं. त्यानं माह्यावर विश्वास ठेवला. बाकी त्याचं सगळं पक्कं हाय. त्यात कच्चं तेवढं एकच होतं आणि ते माह्यं होतं."

काकूंनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "मले सांगून काय होते? जिथं त्याचं नाव खराब झालं तिथं सांग."

मी खिशातून मोबाइल काढला. तिथंच पायरीवर बसून गावग्रुपवर लिहिलं: चूक माझी होती, त्याची नव्हती. मीच त्याला ती सांगितली होती. त्यानं माझ्यासाठी ती स्वतःवर घेतली. पाठवलं आणि वाट पाहत बसलो की आता लोक शिव्या घालतील.

मिनिटभरात पहिलं उत्तर आलं. 'वा सर! मित्र असावा तर असा.' दुसरं आलं. 'मित्राची चूक आपल्या अंगावर घेतली, याला म्हणतात संस्कार.' मग हात जोडलेले, मग फुलं. आमच्या प्राचार्यांनाही कुणीतरी पाठवलं असावं, त्यांचा वेगळा निरोप आला: 'आपला मोठेपणा थोर आहे.' मी परत लिहिलं, अहो खरंच माझीच होती. त्यावर आणखी फुलं आली.

ज्या गोष्टीसाठी मी त्याच्यावर शेवटचा जळलो होतो, तीच लोक आता माझ्या पदरात टाकत होते. आणि ती माझी नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी त्याच्याइतकं मिळालं होतं, आणि तेही त्याचंच.

काकूंना मी ते वाचून दाखवलं. एकेक, सगळी उत्तरं. "पाहा काकू, खरं सांगितलं तं कोणीच विश्वास ठेवत नाई."

त्यांनी शेवटची जुडी बांधली, ढिगावर ठेवली, हात पदराला पुसले.

"मी ठेवला ना," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.